अ वर्गाची बँक

सहकार खात्यात तिला सगळे ‘लाल पेन’ म्हणायचे. अर्थात पाठीमागे, तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती. तिला ते ठाऊक होतं आणि मनातून आवडायचंही. एकतीस वर्षं तिने पतपेढ्या आणि गल्लीबोळातल्या सहकारी बँका तपासल्या, आणि त्या एकतीस वर्षांत एकाही व्यवस्थापकाबद्दल तिचं मत चांगलं झालं नाही. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी नजर तीच. भाजीवाल्याने तराजू उचलला की ही आधी तराजूच्या दांडीकडे बघणार, मग भाजीकडे. लग्न केलं नाही, कारण बघायला आलेल्या प्रत्येकाचा ताळेबंद तिने पहिल्या दहा मिनिटांत मांडला होता आणि एकाचाही जुळला नव्हता. असं तीच सांगायची, आणि सांगताना हसायची नाही.

अशा बाईकडे तिचा धाकटा भाऊ गुरुवारी सकाळी एक जाडजूड, गुळगुळीत पुस्तक घेऊन आला. भाऊ छापखानेवाला. चाळीस वर्षं छापखाना चालवला, डोळे गेले, गुडघे गेले, गिऱ्हाइकंही गेली, तेव्हा दोन महिन्यांपूर्वी यंत्रांसकट विकून मोकळा झाला. नखांतली शाई मात्र अजून गेली नव्हती. पुस्तक म्हणजे त्यांच्याच पेठेतल्या छोट्या बँकेचा वार्षिक अहवाल होता. रविवारी बँकेची सभासदांची वार्षिक सभा, त्याचं निमंत्रणही आत होतं. भावाने अहवाल तिच्यापुढे ठेवला, पहिल्या पानावरून हात फिरवला आणि काय छपाई आहे बघ म्हणाला. चारही रंग एकमेकांवर केसाइतकेही सरकलेले नाहीत. असं काम करून घेणारी माणसं फसवी असणं शक्य नाही, असं त्याचं म्हणणं.

बहिणीने कपाळाला हात लावला. बँकेची पारख कागदाच्या गुळगुळीतपणावर करणारा माणूस आपल्या सख्ख्या आईच्या पोटी यावा, याचं तिला जन्मभर नवल वाटत आलं होतं. तिने चष्मा चढवला आणि अहवाल शेवटून वाचायला घेतला. पुढच्या पानांवर अध्यक्षांचे फोटो असतात; खरं काय ते शेवटी, बारीक अक्षरात, माणसाने कंटाळून वाचू नये अशा बेताने लिहिलेलं असतं.

वीस मिनिटांत तिला हवं ते सगळं सापडलं. बँकेने नफा दाखवला होता, पण तो न आलेल्या व्याजाचा. म्हणजे कर्जदाराने दमडी दिलेली नाही, आणि बँक ती मिळाली असं धरून पाठ थोपटून घेतेय. थकलेली कर्जं फार थोडी दिसत होती, कारण वर्ष संपायच्या आदल्या आठवड्यात जुनं कर्ज फेडायला त्याच माणसाला नवं कर्ज दिलं जात होतं. ठेवींच्या विम्याचे हप्ते थकवल्याने विमाही रद्द झालेला. एकूण कर्जातलं तिसऱ्या हिश्शाहून जास्त कर्ज सात माणसांकडे, आणि त्या सातांतली चार एकाच घरातली. घर अध्यक्षांचं. अध्यक्षांचं फरशांचं दुकान. बँकेची नवी जागा त्यांच्याच इमारतीत, तिचं भाडं त्यांनाच, आणि त्या जागेत बसवलेली फरशीही त्यांच्याच दुकानातली. कुंपणच शेत खातंय आणि वर शेताचा रंगीत फोटो छापतंय.

हे सगळं तिने भावाला सुनावलं, आणि सुनावताना प्रत्येक वाक्याला ‘कळतंय का तुला’ जोडलं. तो मान खाली घालून ऐकत होता. लहानपणी पाढे चुकल्यावर जसा ऐकायचा तसाच. शेवटी तिने विचारलं, यात पैसे ठेवायचा तर बेत नाही ना? त्याने अहवाल मिटून बाजूला सरकवला आणि बेत कधीच पार पडल्याचं सांगितलं. छापखान्याचे आलेले अठरा लाख त्याने मागच्याच महिन्यात तिथे ठेवले होते. सगळेच्या सगळे, पाच वर्षांसाठी. त्याला निवृत्तिवेतन नाही. बायकोचं औषधपाणी, किराणा, विजेचं बिल, सगळं त्या व्याजावर निघायचं होतं.

“मला विचारलं का नाहीस?” ती म्हणाली.

“विचारल्यासारखंच होतं, ताई,” भाऊ म्हणाला. “तू उद्या चल माझ्याबरोबर. दाखवतो.”

शुक्रवारी दोघं बँकेत गेली. बँक म्हणायचं म्हणून म्हणायचं. दर्शनी भागात काचेचं दार, आत गार हवा, कोपऱ्यात प्लास्टिकची झाडं, आणि पैसे काढायची खिडकी पार मागे, जिन्याच्या आडोशाला. पैसे भरायच्या खिडक्या तीन, काढायची एक. लाल पेनने एक खुर्ची धरली आणि तासभर नुसतं बघत बसली. ही तिची जुनी सवय. कागद खोटं बोलतात, पण माणसं इतका वेळ खोटं बोलू शकत नाहीत. काढायच्या खिडकीशी आलेल्या प्रत्येक म्हाताऱ्याला तिथली बाई गोड बोलून अर्धीच रक्कम देत होती, उरलेली परवा न्या म्हणत होती. मग जेवणाची सुट्टी झाली आणि तीच बाई पर्स घेऊन रस्ता ओलांडून समोरच्या मोठ्या बँकेत शिरली. आज पगाराचा दिवस होता; आपला पगार ती तिथे ठेवत होती. आचाऱ्याने आपलं जेवण शेजारच्या खाणावळीत घ्यावं तसलाच प्रकार. लाल पेनने भावाला कोपराने ढोसलं, बघ म्हणाली, हिला सगळं माहीत आहे.

भावाने मान डोलावली, पण त्याचं लक्ष दुसरीकडेच होतं. तो तिला जिन्याने वर, अध्यक्षांच्या खोलीबाहेरच्या भिंतीपाशी घेऊन गेला. भिंतीवर चौकटीच चौकटी. मधोमध सगळ्यात मोठी, सोनेरी काठाची: सरकारी तपासणीत बँकेला मिळालेल्या ‘अ’ वर्गाचं पत्र. बारा वर्षांपूर्वीचं. खाली लफ्फेदार सही.

सही तिची होती.

“हे बघून ठेवले,” भाऊ म्हणाला. “म्हटलं, ताईने पास केलंय, मग ब्रह्मदेवाने नापास केलं तरी चालेल. आयुष्यात तू कुणाला चांगलं म्हटलेलं मी ऐकलं नाही, ताई. या एका बँकेला म्हटलंस.”

लाल पेन त्या चौकटीकडे बघत उभी राहिली आणि तिला तो दिवस आठवला. बँक तेव्हा पिठाच्या गिरणीवर एका खोलीत होती. जिना पिठाने पांढरा, खाली गिरणीचा खडखडाट, टेबलावर बोट फिरवलं तर पिठाची रेघ. तिच्या हाताखाली तेव्हा दोन मोठ्या बँकांची चौकशी चालू होती, वर्तमानपत्रात नावं येत होती, आणि मध्येच हे गिरणीवरचं लोढणं गळ्यात पडलं. हिला काय तपासायचं, असं ती साहेबांना म्हणालीही होती. अकराला गेली, एकला निघाली. रोकड मोजली, बेरजा बघितल्या, लोकांनी पुढे केलेला चहा नाकारला. चहा नाकारणं म्हणजेच इमान, असं तेव्हा तिला वाटायचं. कर्जाच्या फायली कपाटात होत्या. कपाट उघडायला तिने सांगितलंच नाही. एवढ्याशा बँकेत चोरायला असणार काय, या गुर्मीत तिने ‘अ’ लिहिला आणि साडीवरचं पीठ झटकत खाली उतरली.

तिने पर्समधला अहवाल काढला आणि संचालकांच्या कर्जांचं पान उघडलं. फरशीच्या दुकानाचं कर्ज प्रथम दिल्याची तारीख होती चौदा वर्षांपूर्वीची. म्हणजे ती गेली तेव्हा ते कपाटात होतं. हेच कर्ज, तेव्हा वासरू, आता बैल. त्या दिवशी एक फाईल उघडली असती तर ‘ड’ लिहून ही टपरी तेव्हाच बंद झाली असती. जन्मभर लोकांच्या नावाने नाकाने कांदे सोलले, आणि स्वतःचा दिवा हा असा. तिला स्वतःची किळस आली. किळस या गोष्टीचा तिला सराव दांडगा होता, पण ती नेहमी समोरच्याची असायची.

भावाला तिने हे सांगितलं नाही. तू खाली थांब म्हणाली आणि अध्यक्षांच्या खोलीत शिरली.

अध्यक्ष गोरेगोमटे, बोटांत तीन अंगठ्या, बोलणं मधात बुडवलेलं. त्यांनी तिला ओळखलं आणि उठून उभे राहिले. चौकटीतली सही साक्षात चालत आली, असं काहीसं म्हणाले. लाल पेनने बसायच्या आतच अहवालातली पानं टेबलावर मांडली: न आलेलं व्याज, फिरवलेली कर्जं, सात माणसं, एक घर. भावाचे अठरा लाख परत करा, नाहीतर रविवारच्या सभेत उभी राहून हे एकेक वाचून दाखवते, असं तिने स्पष्ट सांगितलं.

अध्यक्ष रागावले नाहीत. त्यांनी चहा मागवला आणि शांतपणे समजावलं. वाचून दाखवा, पण मग लोक विचारतील की ‘अ’ कुणी दिला. आणि सभेत गडबड झाली की सोमवारी दारात रांग लागणार. सोमवारी सकाळी तिजोरीत असणार एकोणीस लाख. त्यातले अठरा तुमच्या भावाला हवेत.

“तुम्ही नुसतं येऊन व्यासपीठावर बसा, मॅडम,” ते म्हणाले. “बोलायचं काही नाही. सोमवारी दहाला खिडकी उघडली की पहिला मान तुमच्या भावाचा. बाकीच्यांना आम्ही दोन दिवस खेळवू.”

त्यांनी तिथल्या तिथे चिठ्ठी लिहून दिली: मुदतीआधी रक्कम देण्यास मंजुरी. लाल पेनने चिठ्ठी दोनदा वाचली, घडी घातली, पर्समध्ये टाकली. तेवढ्यात चहा आला. या खेपेस तिने तो प्यायला.

रविवारची सभा एका शाळेच्या सभागृहात होती. आता या बँकेची सभेची एक रीत होती, ती सांगायलाच हवी, कारण सगळी गोम त्या रीतीत. दारात प्रत्येक सभासदाला कुपन मिळायचं. कुपनावर एक पिशवी. पिशवीत स्टीलचा डबा आणि पाण्याची बाटली. पण पिशव्यांचं टेबल उघडायचं ते शेवटचा ठराव पास झाल्यावर. त्यामुळे ठराव वाचणाऱ्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत सभागृहातून ‘मंजूर, मंजूर’ असा गजर व्हायचा. मागच्या वर्षी एका निवृत्त मास्तरांनी प्रश्न विचारला तेव्हा लोकांनी त्यांना खाली बसवलं होतं, दूध नासेल घरी म्हणून. आपली आयुष्यभराची पुंजी कुठे जाते ते विचारायला वेळ नाही, आणि बाटलीचं झाकण घट्ट बसतं की नाही ते दहा वेळा फिरवून बघणार. असल्या लोकांना कोण लुबाडणार नाही? लाल पेन व्यासपीठावर बसून हेच मनात घोळवत होती. खाली चारशे माणसं. त्यांचा तिला मनस्वी तिटकारा आला, आणि त्या तिटकाऱ्याने तिला जरा बरंही वाटलं.

अध्यक्षांनी तिची ओळख करून दिली. ज्यांच्या पेनाला भल्याभल्या बँका थरथर कापायच्या, त्यांनी आपल्या बँकेला ‘अ’ वर्ग दिला, असं ते म्हणाले तेव्हा टाळ्यांनी छत दणाणलं. तिच्या हातात फुलांचा गुच्छ आला. मग ताळेबंद मंजूर, नफा मंजूर, थकलेल्या कर्जांना मुदतवाढ मंजूर. अकरा ठराव चौदा मिनिटांत. शेवटच्या ठरावाला अध्यक्षांनी तिच्याकडे बघून हात वर केला, आणि लाल पेननेही आपला हात वर केला. कुणी जबरदस्ती केली नव्हती.

ती खाली उतरली तेव्हा पिशव्यांच्या टेबलाशी झुंबड उडाली होती. भाऊ दोन पिशव्या मिळवून तिच्याकडे येत होता. त्याच्याआधी एक बाई तिच्यापाशी पोचली. ही बाई तिच्याच इमारतीत, जिन्याखाली, इस्त्रीचं टेबल लावायची. लाल पेन तिच्याकडे सात वर्षं साड्या टाकत होती आणि दर खेपेला कड नीट बसली नाही म्हणून एक तरी परत पाठवत होती. इस्त्रीवालीच्या हातात बँकेचा ठेवीचा कोरा अर्ज होता.

तिचे दोन लाख चाळीस हजार आधीच या बँकेत होते. मुदत कालच संपली होती. ते काढून मोठ्या बँकेत टाकावेत असं मुलगी म्हणत होती, आणि ती तेच करणार होती. पण आता मॅडमना वर बसलेलं बघितलं. साडीला एक चुणी चालत नाही त्या बाईला ही बँक चालते, मग प्रश्नच मिटला. अर्ज भरून द्याल का, म्हणाली, तुमचं अक्षर सुंदर आहे. पाच वर्षं लिहा.

लाल पेनने पेन उघडलं. नाव लिहिलं. रकमेच्या चौकोनात दोनाचा आकडा काढला आणि तिचा हात थांबला. तिने अर्जाची चार घड्या घालून तो बाईच्या मुठीत कोंबला.

“ठेवू नकोस,” ती हळूच म्हणाली. “बँक बुडाली आहे. आधीच बुडाली आहे.”

इस्त्रीवालीने वर, रिकाम्या खुर्च्यांकडे बघितलं, गुच्छाकडे बघितलं.

“मग वर का नाही बोललात?”

लाल पेनने तेही सांगितलं. भावाचे अठरा लाख अडकले होते, ते सोडवायचे होते. सांगताना तिला वाटलं बाई रडेल, निदान शिव्या तरी देईल. तसं काही झालं नाही. बाईच्या चेहऱ्यावर जे आलं ते लाल पेनने चटकन ओळखलं, कारण एकतीस वर्षं ते तिने दुसऱ्यांना दाखवलं होतं. नाकपुडी किंचित वर, ओठाचं एक टोक खाली. आपल्याकडे कुणी असं बघितलं तर किती लागतं, ते तिला साठी उलटल्यावर कळलं.

एवढ्यात भाऊ येऊन उभा राहिला होता. त्याने सगळं ऐकलं होतं. न उघडलेल्या कपाटाचं त्याला अजून ठाऊक नव्हतं, पण बुडाल्याचं आणि सोडवल्याचं त्याने ऐकलं होतं. त्याने पिशव्या खाली ठेवल्या. अवतीभवती चारशे माणसं डबे वाजवून बघत होती, आणि त्यांतल्या एकाकडेही न बघता त्याने आवाज खाली आणला.

“ताई, उद्या किती वाजता उघडते?”

“दहाला,” ती म्हणाली. “तू नऊला जाऊन उभा राहा. चिठ्ठी माझ्याकडे आहे. एकोणीस लाख आहेत, त्यातले अठरा तुझे.”

भावाने मान डोलावली. आपल्या बहिणीने या बाईसमोर आकडा का बोलून दाखवला, ते त्याला कळलं नसावं. इस्त्रीवालीला मात्र बेरीज-वजाबाकी येत होती. दिवसाला ऐंशी कपडे, दर कपड्याला सुटे पैसे, असा हिशेब करूनच तिने ते दोन लाख चाळीस जमवले होते.

“म्हणजे माझ्या वाटणीला एक लाख,” ती म्हणाली. “मी किती वाजता येऊ, मॅडम?”

भाऊ लाल पेनकडे बघू लागला. त्याच्या डोळ्यांत काय होतं ते तिला वाचता येत होतं: बायकोच्या गोळ्या, किराणा, विजेचं बिल, आणि अठरातून गेलेले एक लाख चाळीस हजार. तिने पर्समधली चिठ्ठी काढून त्याच्या हातात दिली, आणि मग तोंड फिरवून इस्त्रीवालीकडे बघितलं.

“आठला ये,” ती म्हणाली.